अण्णांनी सरकवलेला आंबा

माणूस मेला की त्याचे किस्से बाहेर पडतात. रघूअण्णा कंधारे जिवंत असताना ज्यांनी त्यांच्या एकाही चित्रासमोर दोन मिनिटं काढली नाहीत, ती माणसं आता "अण्णांचा एक किस्सा सांगतो" म्हणून अर्धा अर्धा तास खातात. किस्से साठतात ते भिंतीत ओल साठते तसे. वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस नखानं टोकरलं की हातभर पोपडा खाली येतो. माझ्याकडेही काही आहेत. बरेचसे अण्णांनीच सांगितलेले, उरलेले माझ्या डोळ्यांसमोरचे. त्यात मोठी माणसं फारशी मोठी दिसत नाहीत. कुणाची तक्रार असेल तर त्यांनी ती मंडळाच्या पुढच्या मीटिंगमध्ये मांडावी. मला काढून टाकलंय, त्यामुळे मी तिथे नसेन.

मंडळ म्हणजे आमचं रविवारचं चित्रकार मंडळ. कोथरूडची सात-आठ निवृत्त माणसं दर रविवारी गाड्या काढून मुळशीत निसर्गचित्रं रंगवायला येतात. अध्यक्ष वर्तक सर, चित्रकलेचे निवृत्त प्राध्यापक. मुळशीतले सदस्य दोनच. आयुष्यभर पाट्या रंगवलेले मुठा गावचे अण्णा, आणि मी, घोटावड्याची तेजू, आर्ट कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलेली. सर माझी ओळख "आमची तरुण पिढी" अशी करून द्यायचे. घरचे "बसून हाय" अशी करून देतात.

* * *

विशीत अण्णा पिरंगुटात पाट्या रंगवायचे. टेम्पोच्या मागे 'आईचा आशीर्वाद', दुकानावर 'मोटार रिवाइंडिंग करून मिळेल', शाळेच्या भिंतीवर पाढे. एका ढाबेवाल्यानं सांगितलं, "आतल्या भिंतीवर निसर्ग काढ." अण्णांनी तीन दिवस खपून निसर्ग काढला. बर्फाचे डोंगर, तळं, तळ्यात हंस, काठाला नारळ आणि नारळाखाली धुराडं असलेलं घर. कॅलेंडरवरचा निसर्ग असाच असायचा.

ढाबेवाला खूश. संध्याकाळी एक म्हातारा धनगर मेंढरं बाहेर थांबवून चहाला आत आला. भिंतीकडे बराच वेळ बघून त्यानं विचारलं, "हे कुटलं रं?"

"निसर्ग हाय."

"त्ये दिसतंय. पर कुटला? मेंढरं न्यायची म्हनलं तर वाट कुटनं हाय?"

अण्णा ब्रश पुसायला लागले. म्हातारा चहा संपवून उठला आणि दारातून म्हणाला, "चरायला काय न्हाई तितं."

अण्णा म्हणायचे, माझं कॉलेज म्हंजी तेवढं एक वाक्य. दुसऱ्या दिवशी सकाळी हार्डबोर्डचा तुकडा आणि पाट्यांचे उरलेले ऑइलपेंटचे डबे घेऊन ते मुठा खोऱ्यात एका बांधावर जाऊन बसले. पुढची पन्नास वर्षं ते त्याच खोऱ्यात बसले. पाट्या पोटासाठी, खोरं रविवारी.

* * *

वर्तक सरांच्या प्रत्येक भाषणात एक वाक्य असतं : "कंधारेंना मी शोधलं."

झालं होतं असं. मुठ्याच्या रस्त्याला सरांची गाडी पंक्चर झाली. स्टेपनी होती, पाना नव्हता. बांधावर एक माणूस पाटीच्या रंगांनी भाताची खाचरं रंगवत बसलेला. तो उठला, गावातून पाना घेऊन आला, चाकही बदलून दिलं आणि परत जाऊन रंगवायला बसला. सर त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. "कुठे शिकलात?" म्हणाले. "न्हाई शिकलो." सर हरखले. न शिकलेला माणूस सापडला की शिकलेल्यांना फार आनंद होतो.

पुढे कधीतरी मंडळानं अण्णांचा सत्कार केला. सरांनी ते वाक्य म्हटलं, टाळ्या घेतल्या आणि माइक अण्णांच्या हातात दिला. अण्णा म्हणाले, "सर म्हनत्यात, मला शोधलं. पर मी हरवलो न्हवतो. मी हितंच बसलो व्हतो. पाना सरांचा हरवला व्हता."

लोक हसले. सरही हसले. पण अण्णांना सर मनापासून आवडायचे, हे मला अजून पचत नाही. घरी त्यांच्या चित्रांना 'खेळ' म्हणायचे. 'काम' म्हणणारा पहिला माणूस म्हणजे वर्तक सर. एवढ्याशा शब्दावर माणूस स्वतःला किती वाकवून घेतो ते पुढच्या किश्श्यात आहे.

* * *

सरांचा एक नियम आहे. चित्रातली मुख्य वस्तू कधी मधोमध यायला नको. चौकटीचे तीन भाग पाडायचे आणि ती डाव्या किंवा उजव्या भागाच्या कडेला घ्यायची.

एका रविवारी अण्णा मुठ्याचा एक उतार रंगवत होते. उतारावर मधून खाली आलेला बांध आणि बांधाच्या उजव्या अंगाला एक जुना आंबा, अगदी चित्राच्या मधोमध. सर मागे येऊन उभे राहिले.

"कंधारे, झाड मध्ये आलंय. डावीकडे घ्या."

"झाड तितंच हाय सर."

"तिथे असू दे हो. चित्रात डावीकडे घ्या. निसर्गाला कंपोझिशन कळत नाही, ते आपल्याला कळावं लागतं."

अण्णांनी आंबा सरकवला. बांध ओलांडून डावीकडे. अर्धा तास लागला म्हणायचे. आंब्याखाली एक म्हैस बांधलेली होती. ती त्यांनी काढलीच नाही, कारण झाड हलल्यावर तिला कुठे बांधायची ते कळेना.

त्या चित्राला राज्य पातळीवर बक्षीस मिळालं. पेपरात रंगीत फोटो आला. तो फ्रेम करून मुठ्याच्या ग्रामपंचायतीत लावला. मूळ चित्र सर घेऊन गेले, 'मंडळाचा ठेवा' म्हणून. ते त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर गेलं. आणि अण्णा कंपोझिशन शिकले, असं सरांनी स्मरणिकेत लिहिलं.

* * *

तो आंबा कोंडाबाईचा होता. कोंडाबाई अण्णांच्या भावकीतली. नवरा लवकर गेला. बांधाच्या उजवीकडे तिचं शेत, डावीकडे तिचा दीर बबन याचं. नांगरताना बांध दर वर्षी चार बोटं कसा खाल्ला जातो, हे मुळशीत कुणाला शिकवावं लागत नाही. शेवटी बांध गेला आणि हद्दीच्या खुणेला आंबा तेवढा राहिला. मग फार्महाऊसवाले जमिनी बघत फिरायला लागले आणि बबन म्हणाला, आंबा माझा, तिची हद्द आंब्याच्या पलीकडून सुरू होते.

सरकारी मोजणीपर्यंत जायला नको, गावातच मिटवू, असं मोठी माणसं म्हणाली. विधवा बाईचं काहीही गावातच मिटवायचं असतं. रविवारी देवळापुढे बैठक बसली. कुणीतरी म्हणालं, "रघूच्या चित्रात काय हाय ते बघा की. रघू जसं हाय तसं काढतोय." ग्रामपंचायतीतून फ्रेम आली. तीत बांध स्पष्ट होता आणि आंबा बांधाच्या डावीकडे, बबनच्या शेतात.

मंडळ त्या दिवशी तिथेच चित्रं काढायला आलेलं. सर पारावर चहा पीत होते. सरपंचांनी विचारलं, "सर, तुमी जानकार. चित्र खरं धरावं का?"

सर म्हणाले, "कंधारे निसर्गाशी अत्यंत प्रामाणिक आहेत. तीच त्यांची ताकद आहे." आणि बशीत चहा ओतला.

कोंडाबाई सरांकडे वळलीच नाही. तिनं अण्णांना विचारलं, "रघूभावजी, तुमी सांगा. म्हस कुटं बांदत व्हते मी?"

हे सांगताना अण्णा दर वेळी इथे थांबायचे. मग म्हणायचे, "तोंड उघडलं व्हतं मी. पर बक्षीस खोटं ठरलं आस्तं." आणि मिटलं तोंड. मी हा किस्सा त्यांच्याकडून चार वेळा ऐकला. चारही वेळा वाटलं, या खेपेला तरी हा माणूस बोलेल.

बबननं सहा महिन्यांत जमीन विकली. नव्या मालकानं आंबा तोडला. कोंडाबाई पुढे कधीतरी अण्णांना रस्त्यात भेटली. म्हणाली, "भावजी, तुमच्या चित्रात तरी ऱ्हायला आंबा."

"टोमना मारला आस्ता तर बरं झालं आस्तं," अण्णा म्हणायचे. "टोमना न्हवता त्यो."

* * *

तेव्हापासून अण्णांनी काही सरकवलं नाही आणि काही गाळलं नाही. समोर आहे ते आहे तिथे. विजेचे खांब, पत्र्याच्या शेड, छपरांवरच्या काळ्या टाक्या, जेसीबी, 'प्लॉट विकणे आहे'ची पाटी. पाटीवरची अक्षरं तर इतकी सुबक काढायचे की जातिवंत पेंटर कळावा. बोर्डाच्या मागे लिहायचे, जमीन कुणाची, पीक काय, झाडं किती. सर म्हणायचे, कंधारेंची पीछेहाट झाली.

माझी आणि त्यांची गाठ त्याच पीछेहाटीमुळे पडली. कॉलेजात तिसऱ्या वर्षाला विषय आला 'ग्रामीण जीवन'. मी आमचं घोटावड्याचं अंगण काढलं. माझ्या बापानं शेत विकून तिथे खोल्या बांधल्यात, कंपन्यांतल्या पोरांना भाड्यानं द्यायला. अंगणात चौदा बाइक, दोरीवर चौदा जीन्स, पायरीवर हेडफोन लावून बसलेला एक जळगावचा पोरगा. मास्तर म्हणाले, "हे ग्रामीण नाही. पुन्हा कर." मी विचारलं, "मग मी कुठली?" त्यांनी नापास केलं, मी कॉलेज सोडलं. बाप म्हणाला, "जमीन विकून शिकीवली आन् जमीन न्हाई तितंच परत आली." आयुष्यात त्यानं बोललेलं हे एकच बरं वाक्य, आणि ते माझ्या विरुद्ध.

रागानं मी ते चित्र स्कूटरला बांधून मुठ्याला गेले. कुणीतरी सांगितलं होतं की तिथे एक म्हातारा टाक्या काढतो. अण्णांनी चित्र मांडीवर घेतलं, चष्मा वर केला, बोटानं एकेक बाइक मोजली.

"चौदा हायेत."

"हो."

"नंबर का न्हाई टाकलेस पोरी? गाडी कुनाची त्ये कसं कळायचं?"

तीन वर्षांत मला कुणी काही शिकवलं असेल तर ते हे.

* * *

एकदा मंडळाला बैल हवे झाले. सरांच्या मनात 'नांगरणी' होती. अख्ख्या गावात बैलजोडी एकाकडे, तीही शर्यतीची. तो म्हणाला, नांगराला जुंपणार नाही, नुसते उभे करतो. चालेल म्हणाले. मग शेतकरी हवा. तो बैलवालाच, पण अंगात टी-शर्ट, त्यावर मोबाइल कंपनीचं नाव. धोतर नेस म्हणाले. त्याच्या घरात धोतर नव्हतं. भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्याचं मागून आणलं, तर ते नेसायचं कसं ते त्याला कळेना. शेवटी मंडळाच्या सेक्रेटरींनी, हे बँकेतून निवृत्त झालेत, फोनवर व्हिडिओ बघून त्याला भर शेतात धोतर नेसवलं.

सात जणांनी सात नांगरण्या काढल्या. सातही सारख्या, धुळीसकट. नांगर जमिनीला टेकलाही नव्हता.

अण्णांनीही काढलं. त्यांच्या चित्रात एक शेतकरी हात वर करून उभा आहे आणि बर्म्युडा घातलेला एक गोरापान म्हातारा गुडघ्यावर बसून त्याचा काष्टा खोचतोय. मागे बैल, त्यांच्या मागे टँकर. बोर्डाच्या पाठीवर लिहिलंय : 'पीक नाही. धोतर मागून आणलेले.'

सर म्हणाले, "कंधारे, हे प्रदर्शनात लावता येणार नाही."

"ठावं हाय," अण्णा म्हणाले. "म्हनूनच नीट काढलंय."

* * *

सत्तरीनंतर अण्णांची चित्रं तांबूस व्हायला लागली. हिरवं गेलं, निळं गेलं. डोंगर गेरूसारखे, आभाळ चहासारखं. सरांनी स्मरणिकेत चार पानी लेख लिहिला. 'कंधारेंचा उत्तररंग : मातीकडून वैराग्याकडे'. शेवटी माणूस सगळे रंग टाकून मातीच्या रंगाशी येतो, वगैरे. मीही तो लेख फॉरवर्ड केला. मलाही वाटलं होतं, काहीतरी खोल चाललंय.

मग पिरंगुटात डोळे तपासणीचं शिबिर झालं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालं, महिन्यानं दुसऱ्याचं. पट्टी काढून अण्णा घरी आले आणि भिंतीला लावलेल्या बोर्डांसमोर उभे राहिले.

"आयला," म्हणाले. "श्रावनातला भात तांबडा काढलाय मी."

एक बोर्ड उचलून त्यांनी दारातल्या उजेडात धरला.

"तीन वर्सं काढतोय. येकानं बी सांगू नये?" माझ्याकडे वळले. "तू बी?"

मी सरांच्या लेखाचं नाव सांगितलं. त्यांनी ते मला दोनदा म्हणायला लावलं. मग ते सगळे तांबडे बोर्ड पालथे घातले आणि एकेकावर ब्रशनं, पाटीच्या अक्षरात, लिहीत गेले : 'डोळे खराब होते.' एकवीस बोर्ड होते. नंतरच्या कुठल्याही भाषणात वैराग्य आलं नाही, पण लेखही कुणी मागे घेतला नाही.

* * *

नव्या डोळ्यांनी अण्णांनी पहिली गोष्ट मागितली ती ते बक्षिसाचं चित्र. मी त्यांना स्कूटरवर कोथरूडला सरांकडे घेऊन गेले. अण्णा सोफ्यावर बसले नाहीत. चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सर, आठ दिवस द्या. आंबा जाग्यावर न्हेतो, परत आनून देतो."

सर हसले. "कंधारे, बक्षीस मिळालेल्या चित्राला हात लावायचा नसतो. ते आता तुमचं नाही, इतिहासाचं आहे."

"इतिहासात बाईचं झाड चुकलंय सर."

"आणि झाड मध्ये आलं की चित्र पडतं."

"पडू द्या."

मला राहवेना. मी म्हटलं, "सर, सरकवायला तुम्हीच सांगितलं होतं."

सर माझ्याकडे बघत म्हणाले, "मी सुचवलं. हात त्यांचा होता."

"त्ये खरं हाय," अण्णा म्हणाले आणि चपला घालायला लागले. मला वाटलं होतं निदान आता तरी भांडतील. नाही भांडले. वर्तककाकूंनी पोहे आणले होते, ते तसेच राहिले. काकू एकदा चित्राकडे आणि एकदा सरांकडे बघत उभ्या होत्या.

त्या वर्षी अण्णांच्या छातीत पाणी झालं. दोनदा काढलं, दोनदा भरलं. तिसऱ्यांदा अण्णा नको म्हणाले.

* * *

शोकसभेचा किस्सा आधी सांगून टाकते. खरं तर तो सगळ्यांत शेवटी घडला, पण शेवटी ठेवायच्या लायकीचा नाही.

कोथरूडमधला हॉल. स्टेजवर अण्णांचा फोटो, शेजारी स्टँडवर ते बक्षिसाचं चित्र, दोन्हीला हार. सर चित्राकडे पाठ करून बोलत होते. कंधारेंना मी शोधलं, हे झालं. मग ते म्हणाले, "हे चित्र गेली कित्येक वर्षं माझ्या घरी आहे. रोज सकाळी मी ते पाहतो. यातला हा आंबा पाहा." हात मागे केला. "कसा नेमक्या जागी उभा आहे. मला तर वाटतं, हा आंबा म्हणजे स्वतः कंधारेच."

लोक आंबा शोधायला लागले. पुढच्या रांगेतल्या एकानं चष्मा पुसला. कुजबुज वाढली तेव्हा सर वळले.

चित्रात आंबा नव्हता. डावीकडे नुसतं गवत आणि मागचा डोंगर. आणि बांधाच्या उजवीकडे, नियमाप्रमाणे काहीही यायला नको तिथे, बरोब्बर मधोमध, नखाएवढं हिरवं काहीतरी.

"बुरशी असेल," सेक्रेटरी म्हणाले. "फ्रेममध्ये ओल गेली की येते."

"काल होता," सर म्हणाले. "काल मी पाहिलाय."

चित्र तसं होऊन सरांच्या सोफ्याच्या वर लागल्याला महिना झाला होता. वर्तककाकू पहिल्या रांगेत पर्समध्ये रुमाल शोधायला लागल्या आणि बराच वेळ शोधत राहिल्या. कोंडाबाई सगळ्यांत मागच्या खुर्चीवर होती. मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तरुण पिढी तेवढ्यासाठीच असते.

* * *

आता शेवटचा.

अण्णा जायच्या तीन आठवडे आधी सर मुलीकडे बेंगळुरूला गेले होते. मी त्यांच्या घरी गेले आणि काकूंना सांगितलं की चित्राची फ्रेम साफ करायला न्यायचीय. काकूंनी स्वतः स्टूल आणलं. चित्र उतरवून जुन्या चादरीत गुंडाळून दिलं आणि म्हणाल्या, "सर रविवारी येणार आहेत. शनिवारपर्यंत वाळेल ना?"

मी हो म्हटलं. काकू म्हणाल्या, "अण्णांना म्हणावं, पोहे राहिलेत."

अण्णांचा निरोप कोंडाबाईला आधीच गेला होता : गुरुवारी सकाळी, आंब्याच्या जागी. मी अण्णांना स्कूटरवर मागे बसवून नेलं, त्यांच्या छातीला आणि माझ्या पाठीला एकच ओढणी बांधली नाही एवढंच. त्यांच्या मागे त्यांचा पुतण्या त्यांना धरून बसला होता. रस्त्याच्या ज्या कडेवरून त्यांनी पहिल्यांदा ते चित्र काढलं, तिथे खुर्ची मांडली. समोरच्या उतारावर आता तारेचं कुंपण, आत फार्महाऊस, हिरवळ, झोका. मालक शनिवार-रविवार येतात. वॉचमन बिहारचा.

अण्णांनी आधी जुना आंबा पुसला. पुसला म्हणजे त्यावर मागचा डोंगर काढला, मग गवत. दोन वेळा दम लागून थांबले. मी म्हटलं, "अण्णा, आता उजवीकडे आंबा काढा, जसा होता तसा."

"आंबा कुटं हाय तितं?"

"नाहीये. पण होता ना."

"एकदा न्हवतं तितं काढलं," अण्णा म्हणाले. "आता त्या जाग्यावर जे हाय त्येच."

तेवढ्यात कोंडाबाई आली. हिरवंगार लुगडं नेसून. नवरा गेल्यापासून तिला हिरव्यात कुणी पाहिलं नव्हतं. सुनेचं होतं, घडी मोडलेली दिसत होती. अण्णांनी बघितलं आणि मान खाली घातली.

"असं काय बघताय भावजी," ती म्हणाली. "पांडऱ्या लुगड्यात झाड दिसंल का लांबनं?"

फाटक नुसतं लोटलेलं होतं. ती आत गेली. हिरवळीत जुनी विहीर आहे, वर जाळी टाकून कुंड्या मांडल्यात. विहिरीपासून ती पावलं मोजत वर गेली, एकदा थांबली, दोन पावलं मागे आली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. हात अंगालगत. वॉचमन धावत आला.

"माताजी, क्या हुआ? किससे मिलना है?"

ती हलली नाही. मी कुंपणाबाहेरून हात जोडून त्याला खुणेनं थांब म्हटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, खुर्चीवरच्या म्हाताऱ्याकडे आणि त्याच्या हातातल्या ब्रशकडे बघितलं, आणि बाजूला झाला.

अण्णांनी नखाएवढी जागा रंगवायला पाऊण तास घेतला. ऊन चढलं. मग ब्रश खाली ठेवून त्यांनी हाक मारली. हाक कसली, खोकलाच होता अर्धा. "वैनी, झालं. या आता."

कोंडाबाईनं ऐकलं. पण ती तशीच उभी राहिली. तिची सावली पायाशी पडली होती, मान खाली घालून ती त्या सावलीकडे बघत होती.

वॉचमन त्याच्या केबिनमधली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला. तिच्या मागे ठेवली, हातानं पुसली. "बैठिए माताजी. कब से खड़ी हैं."

कोंडाबाईनं खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"झाडाला कुटं खुर्ची लागती व्हय रं," ती म्हणाली, आणि उभीच राहिली.